खुडूक बदकीखाली दुसरीची पिल्लं सोडायची आहेत. कोणी केलंय का?

झाडीची_लेक
नमस्कार मंडळी. आम्ही लाखांदूर तालुक्यातले, जिल्हा भंडारा. घरामागच्या सांदवाडीत थोडी गावठी बदकं आहेत, बाजूला बोडी (लहान तळं) आणि बोडीला लागून आमच्या धानाच्या बांध्या (खाचरं). त्यातली एक बदकी गोठ्याच्या कोपऱ्यात, तणसाच्या ढिगात खुडूक बसली आहे. मृगाचा पाऊस पडला तेव्हापासून बसली, म्हणजे तीन आठवडे तरी होऊन गेले. आमचा नर उन्हाळ्यातच कुत्र्यांनी नेला होता, त्यामुळे अंडी फळलेली नसावीत अशी शंका होतीच. काल रात्री मोबाईलच्या टॉर्चवर एकेक अंडं धरून पाहिलं. एकातही शिरा नाहीत, काळा ठिपका नाही, सगळी आरपार पिवळी. ती मात्र हटायला तयार नाही. सकाळी एकदा उठते, दाणे टिपते, बोडीत एक बुडी मारते की परत अंड्यांवर.

आता खरी गोष्ट. पलीकडच्या काकूंच्या बदकीला काल पहाटे रानमांजरानं नेलं. तिची नऊ पिल्लं मागे राहिली, परवा अंड्यातून निघालेली. काकूंनी ती टोपल्यात घालून माझ्याकडे आणून दिली. सध्या खोक्यात बल्ब लावून ठेवली आहेत, पण आमच्याकडे धानाची रोवणी (लावणी) सुरू आहे, दिवसभर घरी कोणी नसतं आणि लाइटचा भरवसा नाही. पिल्लं सारखी ओरडतात, ऐकवत नाही.

ही नऊ पिल्लं माझ्या खुडूक बदकीखाली सोडली तर ती घेईल का? शिवाय हॅचरीतून खाकी कॅम्पबेल जातीच्या बदकांची बारा पिल्लं सांगून ठेवली आहेत, ती पुढच्या आठवड्यात येतील. तीही मागाहून तिच्याच हवाली करता येतील का? ज्यांनी प्रत्यक्ष केलं आहे त्यांनी कृपया नीट सांगा.

बोडीकाठ_अर्जुनी
ताई, आजच रात्री करा. उद्यावर ढकलू नका.

आमच्याकडे अर्जुनी मोरगाव भागात हे जुनं काम आहे. माझी माय करायची, आता मी करतो. तुमच्या बाजूनं दोन गोष्टी पक्क्या आहेत. बदकीचे उबवायचे २८ दिवस भरत आले आहेत, आणि पिल्लं लहान आहेत. नुकतीच चार-पाच दिवसांची खुडूक असती तर मी नको म्हटलं असतं. तिच्या अंगात तेव्हा फक्त बसणं असतं, पिल्लाची चाहूल नसते, ती टोचते.

आता कसं करायचं ते ऐका. आधी पिल्लं गरम आणि कोरडी पाहिजेत, पोटात थोडं पाणी आणि दाणा गेलेला पाहिजे. गारठलेलं पिल्लू चिरक्या आवाजात ओरडते आणि त्या आवाजानं बदकी बिथरते. ऊब मिळालेलं पिल्लू बारीक, थांबून थांबून बोलते. तो आवाज तिच्या कामाचा. रात्री सगळं सामसूम झालं की जा. टॉर्चवर लाल फडकं बांधा किंवा बोटांनी उजेड अडवा. रोज जो माणूस तिला दाणा घालतो त्यानंच जायचं, नवा माणूस नको. एक हात छातीखालून हळूच आत घाला, एक अंडं काढा आणि त्याच हाताच्या ओंजळीतलं पिल्लू तिथं ठेवा. ती फुसकारेल, हाताला चावेल. चावू द्या. तो राग तुमच्यावर असते, पिल्लावर नाही. दोन-तीन पिल्लं गेली की थांबा, ऐका. ती खाली मान घालून एकदम हळू 'क्वक, क्वक' करू लागली तर समजा काम झालं. मग बाकीची सोडा.

सगळी अंडी एकदम काढू नका. दोन-चार राहू द्या, म्हणजे बूड हलवून उठणार नाही. ती सकाळी काढा, आणि जपून काढा. इतके दिवस उबवलेलं एखादं सडलेलं असलं तर हातात फुटते.

रात्री तर कोणतीही बदकी घेते जी. अंधारात तिले काय दिसते? खरी परीक्षा उजाडताना. त्या वेळी तिथं हजर राहा.

कॅम्पबेलवाला_तिरोडा
मी वेगळं मत देतो. मी अंड्यांसाठी बदकं पाळतो आणि पिल्लं कधीच आईखाली ठेवत नाही. आई त्यांना घेऊन पाण्यात जाते, घार उचलते, पावसात भिजून मरतात. ब्रूडरमध्ये, म्हणजे ऊब दिलेल्या खोक्यात, पहिल्या आठवड्यात ३२ अंशांच्या आसपास ऊब, मग दर आठवड्याला तीनेक अंशांनी कमी, एवढं सांभाळलं की माझी बहुतेक पिल्लं जगतात. लाइट जाते हे खरं, त्यासाठी कोळशाची शेगडी किंवा इन्व्हर्टर ठेवावा. आईवर विसंबून राहणं मला धोक्याचं वाटतं.

बोडीकाठ_अर्जुनी
दादा, तुमच्याकडे शेड आहे, माणूस आहे. ताईंच्या घरी रोवणीत कोण बसणार शेगडीपाशी? आणि आईसोबत ठेवायचं म्हणजे मोकळं सोडायचं असं नाही. पहिला आठवडा आई आणि पिल्लं कोंडूनच ठेवायची. तुमची पिल्लं मेली ती आईमुळं नाही, दार उघडं राहिल्यामुळं.

गुराढोरांचा_डॉक्टर
मी पशुवैद्यक आहे, गोंदिया जिल्ह्यातच नोकरी झाली. या धाग्यात अजून एक बाजू यायला हवी. बदकी पिल्लांना घेईल का, हे सगळे विचारतात. पिल्लं बदकीला घेतील का, हे कोणी विचारत नाही. माझ्या पाहण्यात बिघडलेल्या निम्म्याहून जास्त प्रकरणांत दोष पिल्लांच्या वयाचा होता.

बदकाचं पिल्लू अंड्यातून निघाल्यावर पहिल्या दिवसातच आपली आई मनात ठसवतं. एकहार्ड हेस यांच्या प्रयोगांत जंगली बदकांच्या पिल्लांमध्ये हा ठसा सर्वांत पक्का बसण्याची वेळ १३ ते १६ तासांची आढळली. कोन्राड लोरेंझ यांचं हंसांच्या पिल्लांवरचं काम तर प्रसिद्धच आहे, त्यांना १९७३ मध्ये नोबेल मिळालं. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते गिल्बर्ट गॉटलिब यांचं काम. त्यांनी दाखवलं की पिल्लू अंड्यात असतानाच आवाज ऐकत असतं, आणि निघाल्यावर आपल्या जातीच्या आईच्या हाकेकडे ओढलं जातं.

आता झाडीताईंच्या पिल्लांकडे पाहा. ती खऱ्या बदकीखाली निघाली, तिची हाक ऐकली, तिच्या पोटाखाली झोपली. त्यांना 'आई' ही गोष्ट ठाऊक आहे. दुसऱ्या बदकीनं तीच हाक घातली की ती तिच्या पिसांत शिरतील. म्हणून बोडीकाठभाऊ म्हणतात ते बरोबर, आजच सोडा. बल्बखाली आणखी तीन-चार दिवस गेले तर हे उलट होत जाईल.

हॅचरीची पिल्लं मशीनमध्ये निघतात, खोक्यात प्रवास करतात, बल्बखाली राहतात. आठवड्याची झाल्यावर ती बदकीसमोर सोडली की तिनं हाक मारली तरी ती कोपऱ्यात पळतात. पळणाऱ्या पिल्लाला बदकी परकं समजते आणि मारते. शिवाय तोवर तिनं आपली नऊ ओळखून ठेवलेली असतील. त्यामुळे बारा कॅम्पबेल तिच्या गळ्यात घालू नका. त्यांना तिरोड्याच्या दादांनी सांगितलेली पद्धतच योग्य.

झाडीची_लेक
डॉक्टरसाहेब, बोडीकाठभाऊ, खूप आभार. आज रात्रीच करते. एकच शंका. ही बदकी पहिल्यांदाच खुडूक बसली आहे, याआधी तिनं पिल्लं काढलेली नाहीत. फरक पडतो का?

गुराढोरांचा_डॉक्टर
पडतो. अनुभवी बदकीचा भरवसा जास्त. पण जी पहिल्याच खेपेला तीन आठवडे न हलता बसते ती चांगली आई होण्याची शक्यता मोठी असते. अंडी फळली नसताना तिला पाच आठवड्यांच्या पुढं बसू देणं तसंही बरं नाही. खाणं कमी होतं, वजन उतरतं. पिल्लं मिळाली की तिचीही सुटका होईल.

साकोलीची_सुमन
कोंबडीबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. आमच्या घरी बदकाची अंडी वर्षानुवर्षं गावठी कोंबडीखालीच रवणाला घालतात, कारण बदकी मधेच उठून जाते. कोंबडीचे २१ दिवस, बदकाचे २८, तरी ती आठवडाभर जास्त बसते बिचारी. शेवटच्या दिवसांत अंड्यांवर कोमट पाण्याचा हलका शिडकावा करावा लागतो, कारण बदकी ओल्या अंगानं येऊन बसते तशी कोंबडी बसत नाही आणि आतला पडदा वाळतो. निघालेली पिल्लं ती मायेनं सांभाळते. फक्त पिल्लं पाण्यात उतरली की कोंबडी काठावर नुसती येरझाऱ्या घालते, ओरडते. पाहवत नाही. म्हणून मी आता पिल्लं मोठी होईस्तोवर पाणी दाखवतच नाही, पसरट घमेल्यात प्यायपुरतं ठेवते.

तुमची बदकी बिघडली तर शेजारपाजारी खुडूक कोंबडी शोधून ठेवा. आडवेळेला कामी येते.

झाडीची_लेक
रात्री सोडली. सांगितलं तसंच केलं. लाल ओढणी टॉर्चवर गुंडाळली. पहिलं पिल्लू आत सरकवलं तेव्हा तिनं माझं मनगट असं धरलं की वळ उठला, पण सोडल्यावर मान वाकवून स्वतःच्या छातीखाली पाहिलं, चोचीनं त्या पिल्लाला अंडं सरकवतात तसं आत ओढलं आणि पिसं फुगवून खाली दाबून बसली. तिसऱ्या पिल्लानंतर तो हळू आवाज आला. मी तिच्या तोंडून असा आवाज आजवर ऐकलाच नव्हता. मग उरलेली सहा सोडली. खोक्यात दिवसभर ओरडणारी पिल्लं आत गेल्यावर चिडीचूप झाली.

आता पहाटेचं सांगते. उजेड फुटल्यावर पिल्लं एकेक करून पंखाखालून डोकं काढू लागली. आठांना काही केलं नाही. नववं मात्र काळं आहे, बाकी सगळी पिवळी. त्याला तिनं डोक्यावर टोचलं, दोनदा. ते ओरडून बाजूला झालं आणि परत आत घुसलं, परत टोचलं. मी ते काढून घेतलं आहे. काय करू?

अचलपूर_मोती
माझ्याकडे मोती बदकं आहेत, ज्यांना मस्कोव्ही म्हणतात. ती ३५ दिवस बसतात आणि माझ्याकडची तरी परक्या पिल्लाच्या बाबतीत फार कडक आहेत, रंगावरून ओळखून मारतात. गावठी बदकी त्या मानानं सैल. तुमच्या काळ्या पिल्लाला आशा आहे. टोचणं दोन प्रकारचं असतं ते नीट बघा. चोच डोक्यावर ठेवून खाली दाबणं किंवा हलकं चिमटणं म्हणजे 'खाली बस' म्हणणं. पिल्लाला धरून झटकणं, फेकणं, मागे धावणं म्हणजे ती त्याला ठेवणार नाही. रक्त आलं का?

झाडीची_लेक
रक्त नाही. झटकलंही नाही. पण पिल्लू घाबरलं आहे.

बोडीकाठ_अर्जुनी
मग दिवसभर ते तिच्या नजरेसमोर ठेवा, पण चोच पोचणार नाही असं. बांबूचं डालं त्याच्यावर पालथं घाला, तिच्या बसण्याला टेकून. एकटं ठेवू नका, पिवळ्यातलं एक सोबत द्या म्हणजे आवाज करणार नाही आणि ऊबही राहील. रात्री अंधारात दोन्ही परत खाली सरकवा, काळं आधी. दिवसभर तिनं त्याचा आवाज ऐकलेला असेल. दुसऱ्या सकाळी घेतलं तर घेतलं. तरी धावून आली तर हट्ट करू नका, सुमनताईंची कोंबडी आहेच.

आणि शेजारपाजारचा नर जवळ येऊ देऊ नका. बाकीची बदकंही नको. तिले आत्ता एकटीले पिल्लं पाहिजेत.

धानकरी_पवनी
एवढा चांगला धागा चालला आहे म्हणून विचारतो. आमच्या बांधीच्या धुऱ्यावर (बांधावर) गवतात हळदीकुंकू बदकाचं घरटं सापडलं आहे, रोवणीच्या माणसांनी चिखल करताना पाहिलं. अंडी आणून गावठी बदकीखाली ठेवली तर पिल्लं निघतील का?

गुराढोरांचा_डॉक्टर
नका आणू. हळदीकुंकू बदक असो की अडई, ही जंगली पाखरं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. त्यांची अंडी उचलणं, पिल्लं घरी पाळणं गुन्हा आहे. तेवढा धुरा चिखल न करता सोडा, काठ्या रोवून खूण करा आणि कुत्रं तिकडं जाऊ देऊ नका. बदकी परत येते. घरटं तुटायच्याच बेतात असेल तर वनरक्षकाला कळवा.

धानकरी_पवनी
समजलं. खूण करून ठेवली. बदकी संध्याकाळी येऊन बसली पण.

झाडीची_लेक
काळ्याला घेतलं! काल रात्री दोघांना आत सरकवलं आणि आज उजाडल्यावर ते काळं तिच्या पाठीवर चढून बसलं होतं. तिनं मान वळवून पाहिलं आणि काही केलं नाही. मी बाजूला बसून रडले, खरं सांगते.

आता खाण्याचं सांगा. घरी तांदळाची कणी, कोंडा, सरकीची ढेप आहे. मोठ्या बदकांचं लेअर फीडही आहे.

गुराढोरांचा_डॉक्टर
अभिनंदन ताई. खाण्यावर नीट लिहितो, कारण आईनं वाचवलेली पिल्लं इथंच जातात.

सरकीची ढेप पिल्लांना अजिबात नको, सरकीतलं गॉसिपॉल त्यांना बाधतं. शेंगदाण्याची ढेप आणि मका पावसाळ्यात बुरशी धरतात. त्या बुरशीचं अफलाटॉक्सिन बदकाच्या पिल्लाला कोंबडीपेक्षा कितीतरी लवकर मारतं, यकृत जातं. कुबट वास आला, पोत्यात गोळे दिसले की ते खाणं फेकायचं. वाळवून द्यायचं नाही, उन्हानं विष जात नाही. लेअर फीडही नको. त्यात अंड्याच्या कवचासाठी साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असतं, पिल्लाला साधारण एक टक्का पुरतं, जास्तीचं मूत्रपिंडावर येतं. आई आणि पिल्लं एकत्र आहेत तोवर दोघांनाही पिल्लांचं स्टार्टर द्या. आई सध्या अंडी देत नाही, तिला ते चालतं.

दुसरं म्हणजे नायसिन, एक ब जीवनसत्त्व. बदकाच्या पिल्लाला ते किलोभर खाद्यात ५५ मिलिग्रॅमच्या आसपास लागतं, कोंबडीच्या पिल्लापेक्षा बरंच जास्त. नुसत्या कणी-कोंड्यावर वाढवलं की पाय वाकतात, घोटे सुजतात, पिल्लू बसूनच राहतं. औषधाच्या दुकानात ब्रुअर्स यीस्ट मिळतं, ते खाद्यात थोडं मिसळा. कणी द्यायची तर शिजवून, सोबत उकडलेलं अंडं कुस्करून. शेवग्याचा पाला बारीक चिरून चालेल. चार दिवसांनी अझोला (पाण्यावर वाढणारी बारीक वनस्पती) आणि बारीक गोगलगायी सुरू करा.

पाण्याशिवाय सुकं खाद्य ठेवू नका, घशात अडकतं. पाणी एवढंच खोल की चोच नाकपुड्यांपर्यंत बुडेल, म्हणजे डोळे-नाक स्वच्छ राहतात. घमेल्यात गोटे टाका म्हणजे अख्खं पिल्लू आत पडून भिजणार नाही.

कॅम्पबेलवाला_तिरोडा
डॉक्टरसाहेबांचं नायसिनचं अगदी खरं. माझ्या पहिल्या लॉटला पाय वाकण्याचा त्रास झाला होता, यीस्ट सुरू केल्यावर लवकर धरलेली पिल्लं सुधारली.

झाडीताई, तुमच्या बारा कॅम्पबेलसाठी एक सांगतो. कॅम्पबेलला अंड्यांसाठीच घडवलं आहे, वर्षाला अडीचशेच्या पुढं अंडी देते, पण खुडूक बसायचं तिच्यात जवळजवळ उरलेलंच नाही. म्हणजे पुढं अंडी उबवायला तुम्हाला ही गावठी बदकीच लागणार. तिला विकू नका. पैदाशीसाठी गावठी नर एक आणा, पाच-सहा माद्यांना एक पुरतो.

कॅम्पबेलची पिल्लं आली की वेगळ्या खोलीत ठेवा. शेगडी ठेवली तर खोली बंद करू नका, धूर कोंडतो. तीन आठवड्यांची झाली की जाळीच्या अलीकडं-पलीकडं ठेवून कळपाची ओळख करून द्या, मग एकत्र चरतील.

झाडीची_लेक
नाही विकणार. घरात सगळ्यांना सांगून ठेवलं आहे. आणखी एक, बांधीत कधी सोडायची? यंदा गोगलगाय फार आहे.

बोडीकाठ_अर्जुनी
रोवणी होऊन पंधरा दिवस जाऊ द्या. रोप धरलं की बदकं त्याले उपटत नाही, मधलं गवत आणि किडे खातात, पायांनी चिखल हलता ठेवतात. जपानमध्ये ताकाओ फुरुनो नावाच्या शेतकऱ्यानं भातात बदकं सोडायची पद्धत अशीच बसवली, पुढं ती आशियात बऱ्याच ठिकाणी गेली. धान निसवला की मात्र बाहेर काढायची, नाहीतर लोंब्या खातात.

पण ताई, बांधीत दाणेदार कीटकनाशक टाकलं असलं तर तिथं पाऊलही टाकू देऊ नका. दाणा समजून टिपतात आणि तिथंच पडतात. वरच्या बांधीवाल्यानं टाकलं आणि पाणी तुमच्याकडं उतरत असलं तरी तेच. आधी त्याले विचारून घ्या.

मामा तलावात (माजी मालगुजारी तलावात) तर पंख फुटेपर्यंत नकोच. मोठी मरळ खालून पिल्लू ओढते, वर नुसती लाट दिसते. तुमच्या बोडीत मरळ आहे का?

झाडीची_लेक
आहे. ढीवरभाऊंनी मागच्या वर्षी मोठ्या काढल्या होत्या.

बोडीकाठ_अर्जुनी
मग बोडीचा कोपरा बारीक जाळीनं बंद करा, तळापर्यंत. वरून घारीसाठी जुनं मासोळीचं जाळं ताणा. दोन्ही झाल्यावर आईसकट सोडा, पहिल्यांदा ऊन असताना आणि थोडाच वेळ.

झाडीची_लेक
जाळं आहे घरी. रविवारी मजूर सुटीवर आहेत, तेव्हा खांब गाडून घेते. काळ्याचा फोटो टाकते मग.